काडीकिडा कोणाला दिसतच नसेल, तर त्याने इतकी अंडी कशासाठी घालावीत?

सातपुडा_शिक्षिका (यावल तालुका)

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. अनुकूलनाचा धडा शिकवताना मी वर्षावनातील, हुबेहूब काटकीसारख्या दिसणाऱ्या काडीकिड्याचे उदाहरण देते. बोर्निओच्या जंगलातील ‘फोबॅटिकस चानी’ ही जात पुढचे पाय ताणून मोजली तर ५६.७ सेंटिमीटर भरते आणि एवढा लांब कीटक डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही, ही गोष्ट मुलांना विलक्षण वाटते. या वर्षी मात्र आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, तो जर कोणाला दिसतच नाही, तर त्याची मादी शेकडो अंडी कशाला घालते? दोन-चार घातली तरी पुरायला हवीत.”

बहुतेक अंडी आणि पिल्ले नष्ट होतात, एवढे उत्तर तिला तिथल्या तिथे दिले. परंतु त्यातून खरा प्रश्न सुटत नाही. वर्षावनात त्यांना नष्ट कोण करते, आणि इतके बेमालूम सोंग असूनही ते त्यांना कसे साधते? दुसरी शंका माझी स्वतःची आहे. वर्षावन बारमाही हिरवे असते. आपल्याकडे मात्र फाल्गुन-चैत्रात साग आणि सालई उघडे पडतात. अशा पानगळीच्या जंगलात या कीटकाचा धोका वाढतो की कमी होतो? जाणकारांनी थोडे विस्ताराने सांगितल्यास वर्गात पुढे बोलता येईल.

प्राणिशास्त्र_धुळे

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कोणत्याही प्राण्याची मादी किती अंडी घालते, यावरून त्या जातीवर किती संहार ओढवतो याचा बराच अंदाज बांधता येतो. काडीकिड्यांच्या अनेक जातींत एक मादी शंभरांपासून हजारापर्यंत अंडी घालते. लोकसंख्या स्थिर असेल, तर त्यांपैकी सरासरी दोनच जीव प्रौढ होऊन पुढची पिढी जन्माला घालतात; बाकीचे वाटेत संपतात. तेव्हा सोंग कितीही चांगले असले, तरी ते पुरे पडत नाही हे उघडच आहे. प्रश्न उरतो तो ते कुठे तोकडे पडते हा.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. न दिसणे आणि दिसूनही न ओळखले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडाच्या सालीशी रंग मिळवून बसलेला पतंग पक्ष्याला दिसत नाही. काडीकिडा पुष्कळदा दिसतो, पण पक्षी त्याला काटकी समजून सोडून देतो. हा फरक प्रयोगाने दाखवता आला आहे. जॉन स्केलहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये काटकीसारख्या दिसणाऱ्या सुरवंटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोंबडीच्या काही पिल्लांना आधी खऱ्या फांद्या दाखवल्या होत्या, तर काहींना जांभळा दोरा गुंडाळून रूप बदललेल्या फांद्या दाखवल्या होत्या. पुढे सुरवंट समोर ठेवले, तेव्हा खरी फांदी परिचयाची असलेल्या पिल्लांनी चोच मारायला अधिक वेळ लावला. सुरवंट तेच होते आणि ते सर्वांना सारखेच दिसत होते. म्हणजे हे सोंग वठते ते पाहणाऱ्याच्या मनात, आणि त्याला काटकीचा पूर्वानुभव असेल तरच.

याच प्रकारच्या सुरवंटांवर डच संशोधक डी राउटर यांनी १९५२ मध्ये पक्षी वापरून जे प्रयोग केले त्यांचा निष्कर्षही येथे उपयोगी आहे. पक्षी सुरवंटांकडे काटक्या म्हणून दुर्लक्ष करत. परंतु चुकून एखाद्यावर पाय पडून तो हलला आणि खाल्ला गेला, की मग ते आजूबाजूच्या काटक्यांनाही टोचून पाहू लागत. त्या टोचण्यातून वारंवार खरी काटकीच निघाली, तर ते नाद सोडून देत. याचा अर्थ असा की सोंगाला संख्येची मर्यादा असते. शंभर काटक्यांत एक कीटक असला तर तो वाचतो. दहा काटक्यांत तीन असले, तर त्या परिसरातील पक्षी काटक्या तपासायला शिकतात आणि मग सगळ्यांवरच संक्रांत येते. एकाच झाडावर दाटीने राहणे काडीकिड्याला परवडत नाही ते यामुळे.

हे सोंग टिकवण्यासाठी त्याचे शरीर आणि वर्तन किती वाकले आहे ते पाहण्यासारखे आहे. पुढच्या पायांच्या मांड्या बुडाशी किंचित आत वळलेल्या असतात, म्हणून पाय समोर सरळ ताणले की डोके त्या खोबणीत बसते आणि शिकाऱ्याला ओळख पटवून देणारे डोके, डोळे व मिशा यांची रेषाच नाहीशी होते. दिवसभर तो निश्चल राहतो. वारा सुटला की मात्र काही जाती अंग डोलवू लागतात. ऑस्ट्रेलियातील ‘एक्स्टाटोसोमा टायरेटम’ या जातीत वारा सुरू होताच हे डोलणे वाढते असे प्रयोगात दिसले आहे. सभोवतालची पाने हलत असताना एकट्यानेच स्थिर राहणे हेही डोळ्यांत भरते, हे लक्षात घेतले तर या डोलण्याचा अर्थ लागतो.

आता या संरक्षणाची किंमत पाहू. दिवसा हलता येत नाही, म्हणून खाणे, चालणे, जोडीदार शोधणे आणि कात टाकणे ही सारी कामे रात्रीवर ढकलली जातात. आणि वर्षावनातील रात्र रिकामी नसते. रात्रीचे बरेच शिकारी डोळ्यांनी शोधतच नाहीत. पनामातील ‘मायक्रोनिक्टेरिस मायक्रोटिस’ हे लहानसे वटवाघूळ पूर्ण काळोखात पानावर निश्चल बसलेला कीटक केवळ प्रतिध्वनीवरून टिपते. ते तिरप्या कोनातून जवळ येते, तेव्हा गुळगुळीत पानावरून ध्वनी पलीकडे निघून जातो आणि परत येतो तो फक्त कीटकावरून. अशा शिकाऱ्यापुढे काडीचा रंग आणि गाठी यांचा काय उपयोग? काटकीवर बसलेल्याला थोडे अभय मिळत असेल, पण खाण्यासाठी पानावर यावेच लागते.

मुंग्या गंधाने आणि स्पर्शाने शोध घेतात. कात टाकताना काडीकिडा डोके खाली करून लटकतो, जुन्या कातडीतून लांबलचक पाय एकेक करून ओढून काढतो आणि नवी कातडी कडक होईपर्यंत त्याला धड पळताही येत नाही आणि धड पकडताही येत नाही. त्या वेळी मुंग्यांची रांग वाटेत आली तर सोंगाचा प्रश्नच उरत नाही. त्याच्या आयुष्यातला सर्वांत असहाय काळ मी हाच मानतो.

रावेर_बागायतदार

सरांनी लिहिलेला भेद आमच्या बांधावरही दिसतो, म्हणून दोन ओळी लिहितो. तारेवर बसणारा कोतवाल पक्षी उडणारा किंवा हलणारा किडाच उचलतो. नांगरट चालू असताना तो आमच्या मागे फिरतो ते ढेकळांतून किडे उधळतात म्हणून. निश्चल बसलेल्या किड्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. भारद्वाजाची रीत नेमकी उलटी आहे. तो कुंपणाच्या झुडपात शिरतो, फांद्यांवरून चालतो, पाने हलवतो आणि जे घाबरून सरकेल ते गट्ट करतो. काडीकिडा कोतवालाच्या डोळ्यांतून सहज सुटेल, पण भारद्वाज त्याच फांदीवर पाय ठेवणार असेल तर त्याने काय करावे? थांबावे की पळावे?

तोरणमाळ_पायवाट

भाऊ, तुम्ही विचारलेल्या ‘थांबावे की पळावे’ याचे उत्तर जातीगणिक वेगळे आहे, आणि माझ्या मते सरांच्या विवेचनात हा भाग थोडा मागे राहिला. सोंग हे फक्त पहिले दार आहे. वर्षावनात फांदी न् फांदी चाळणारे शिकारी पुष्कळ आहेत. झाडांवरची माकडे पाने उलटून पाहतात. आपल्या सह्याद्रीत दिसणारा कर्णा ज्या ट्रोगोन कुळातला आहे, त्या कुळातील पक्षी फांदीवर बराच वेळ शांत बसून समोरची पाने न्याहाळतात आणि मग झेप घेऊन कीटक उचलतात. काडीकिडे हे त्यांचे परिचित खाद्य आहे. अशा शिकाऱ्यांमुळे पहिले दार वारंवार फुटते, म्हणूनच आत आणखी दारे बसवलेली आहेत.

सर्वांत साधा उपाय म्हणजे पाय आखडून फांदी सोडून देणे. खाली पाचोळ्यात पडलेली काटकी शोधणे पक्ष्याला सोपे नसते. पाय पकडला गेला तर तो पाय ठरलेल्या सांध्यातून तुटतो आणि कीटक निसटतो. पिल्लू असेल तर पुढच्या काती टाकताना तो पाय लहान आकारात पुन्हा येऊ लागतो, प्रौढाला मात्र ही सवलत नाही. काही जाती झाकलेले रंगीत पंख एकदम उघडून शिकाऱ्याला दचकवतात. मलेशियातील ‘हेटरोप्टेरिक्स डिलटाटा’ या जातीची हिरवीगार, जाडजूड मादी मागचे काटेरी पाय उंचावते, पंखांनी फसफस आवाज करते आणि शिकारी तावडीत सापडला तर त्याला त्या पायांत चिमटते. तिला काडी म्हणणेही अवघड आहे.

रासायनिक शस्त्र वापरणाऱ्याही जाती आहेत. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर केतकीच्या कुळातील झाडांवर राहणारी ‘मेगाक्रेनिया बेट्सी’ ही जात पेपरमिंटसारख्या वासाचा द्रव फवारते. फ्लोरिडातील ‘ॲनिसोमॉर्फा’ काडीकिडा छातीतील ग्रंथींतून झोंबणारी फवार नेम धरून सोडतो. टॉमस आयस्नर यांनी १९६५ मध्ये त्याचे वर्णन केले असून पक्षी जवळ येताच, चोच लागण्याआधीच हा कीटक फवारतो असे त्यांनी नोंदवले. ही फवार डोळ्यात गेली तर माणसालाही तीव्र वेदना होतात. ज्याच्याकडे असे शस्त्र आहे तो लपण्याबाबत तितका काटेकोर राहत नाही. या जातीच्या अंगावर ठळक पट्टे असतात आणि जोड्या उघड्यावर बसलेल्या दिसतात.

मला सर्वांत चातुर्याचे वाटते ते पिल्लांचे. सरांनी उल्लेखलेल्या ‘एक्स्टाटोसोमा’चे नुकतेच जन्मलेले पिल्लू काडीसारखे मुळीच दिसत नाही. काळे अंग, नारिंगी डोके आणि वर वळवलेले पोट अशा थाटात ते भराभर पळते आणि ‘लेप्टोमिर्मेक्स’ या मुंगीची हुबेहूब नक्कल करते. मुंगीच्या वाट्याला जायला पुष्कळ पक्षी नाखूश असतात. जमिनीवर जन्मून झाडापर्यंत चालत जायचे असेल, तर निश्चलतेवर उभे असलेले सोंग कुचकामी आहे. तेवढ्या प्रवासापुरते वेगळे सोंग, आणि झाडावर पोहोचून पहिली कात टाकली की पुन्हा जुना धंदा.

प्राणिशास्त्र_धुळे

तोरणमाळच्या मित्रांनी दाखवलेली उणीव मान्य आहे आणि तिची भर त्यांनी उत्तम घातली आहे. शिकारी बदलला तर संरक्षण कसे कोलमडते याचे एक ऐतिहासिक उदाहरण मात्र येथे यायलाच हवे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस लॉर्ड हाव नावाचे बेट आहे. तेथे वटवाघळांखेरीज मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्या बेटावर जाड, काळसर, पंखहीन काडीकिडे विपुल होते. दिवसा ते झाडांच्या ढोलीत राहत आणि रात्री बाहेर पडत. १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ नावाचे जहाज किनाऱ्यावर रुतले आणि त्यातून काळे उंदीर बेटावर उतरले. उंदीर रात्रीच फिरतो, वासाने शोधतो आणि ढोलीत शिरतो. थोड्याच वर्षांत तो कीटक बेटावरून नाहीसा झाला आणि नामशेष मानला गेला.

पुढे २००१ मध्ये, तेथून सुमारे २३ किलोमीटरवर समुद्रातून सरळ उभ्या असलेल्या बॉल्स पिरॅमिड या खडकावर, एका झुडपाच्या आश्रयाने राहिलेले काही मोजके जीव सापडले. २००३ मध्ये तेथून दोन जोड्या आणल्या गेल्या आणि त्यांपैकी एका जोडीपासून मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात पैदास झाली. २०१९ मध्ये बेटावरील उंदीर संपवण्याची मोठी मोहीमही घेण्यात आली. या कीटकाच्या मादीलाही अंडी भरपूर होतात, तरीही तो वाचला नाही. कारण अंड्यांची संख्या ही परिचयाच्या शत्रूंच्या हिशेबाने बसलेली असते आणि नव्या शत्रूचा खर्च त्यात धरलेला नसतो.

सातपुडा_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंदरांचे उदाहरण मी नक्की सांगेन, कारण आमच्या मुलांना उंदराची ओळख करून द्यावी लागत नाही. आता अंड्यांविषयीच विचारते. पिल्लू पळू शकते आणि प्रौढ सोंग घेऊ शकतो. अंड्याला तर काहीच करता येत नाही. मग शेकड्यांनी घातलेली अंडी जमिनीवर कशी टिकतात? आणि पानगळीच्या जंगलाविषयीची माझी शंका अजून तशीच आहे.

बीज_आणि_कीटक (नंदुरबार)

ताई, दोन्ही शंकांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे जमिनीवर. अनेक जातींची मादी अंडी कुठे चिकटवत किंवा रचून ठेवत नाही. ती उंचावरून एकेक करून खाली टाकते, काही जाती तर पोटाला झटका देऊन ती दूर भिरकावतात. त्यामुळे एका शिकाऱ्याला सगळी एकत्र सापडत नाहीत. अंड्याचे कवच कठीण असते आणि ते बी असल्यासारखे दिसते. काही जातींच्या अंड्याच्या टोकाला एक लहान गोंडा असतो. एरंडीच्या बीच्या टोकाला असलेला मांसल बोंडा तुमच्या मुलांनी पाहिला असेल, तो ज्या कामाचा तेच काम हा गोंडाही करतो. मुंग्या या खाण्याजोग्या भागासाठी अंडे वारुळात नेतात, गोंडा खातात आणि कठीण अंडे आतच टाकून देतात. कात टाकणाऱ्या काडीकिड्याला फाडून खाणाऱ्या मुंग्याच अशा रीतीने त्याच्या अंड्यांच्या राखणदार ठरतात.

राखण कोणापासून, तर मुख्यतः गांधीलमाश्यांपासून. ‘अमिसेजिनी’ या गटातील लहान गांधीलमाश्या पाचोळ्यात फिरून काडीकिड्याची अंडी शोधतात, कवचाला भोक पाडून आत स्वतःचे अंडे घालतात आणि त्यांची अळी आतला जीव खाऊन वाढते. वरवर पडलेल्या अंड्यांपेक्षा पुरली गेलेली अंडी या हल्ल्यातून अधिक सुटतात, असे ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्यूज आणि वेस्टोबी यांच्या अभ्यासात दिसले.

आपल्या सातपुड्याच्या दृष्टीने यात आणखी एक अर्थ आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि वणवे लागतात. पाचोळ्यावर पडलेले अंडे त्यात करपणार, वारुळात गेलेले जमिनीच्या पोटात राहणार.

पानगळीत धोका वाढतो की कमी होतो, याला सरळ उत्तर देण्याऐवजी असे म्हणेन की धोक्याची जागा बदलते. उघड्या फांद्यांवर काटक्यांची कमतरता नसते, म्हणजे सोंगाला मंच मोकळाच असतो. परंतु खायला पान नसेल तर त्या मंचावर उभे राहून काय करायचे? उत्तर अमेरिकेतील पानगळीच्या जंगलातील ‘डायाफेरोमेरा फेमोराटा’ हा काडीकिडा या अडचणीतून अंड्याच्या रूपाने मार्ग काढतो. शरद ऋतूत प्रौढ मरतात, पाचोळ्यातील अंडी हिवाळा काढतात आणि पालवी फुटण्याच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. काही अंडी तर त्याही पुढचे एक वर्ष थांबतात. वर्षावनात पाने बारमाही असल्यामुळे असा सक्तीचा खंड नसतो. तेथे निरनिराळ्या वयाचे जीव एकाच वेळी झाडावर असू शकतात आणि शिकारीही बारमाही असतात. म्हणून पानगळीच्या जंगलात मोठा जुगार अंड्यांवर लागतो, असे माझे मत आहे.

कोरड्या प्रदेशात डोळ्यांनी शिकार करणारे पक्षी किती कठोर परीक्षा घेतात, याचे चांगले उदाहरण कॅलिफोर्नियाच्या झुडपी रानातील ‘टायमेमा’ या पंखहीन काडीकिड्यांचे आहे. सुईसारख्या बारीक पानांच्या झुडपावर पाठीवर पांढरा पट्टा असलेले जीव वाचतात, तर रुंद पानांच्या झुडपावर बिनपट्ट्याचे. झुडूप चुकले की पक्षी वेचून खातात. शेजारच्या झुडपावर जाण्याइतकी लहानशी चूकही तेथे जिवावर बेतते.

एका गमतीदार शक्यतेचाही उल्लेख करतो, कारण मुलांना ती आवडेल. जपानमधील केन्जी सुएत्सुगु आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की बुलबुलाला काडीकिड्याची अंडी खाऊ घातली, तर त्यांपैकी ५ ते २० टक्के अंडी विष्ठेतून न फुटता बाहेर पडतात आणि त्यांतील थोड्यांतून पिल्लेही निघतात. अंडी घालण्याच्या बेतात असलेली मादी पक्ष्याने गिळली, तर तिची काही अंडी दूरवर पोहोचू शकतात. हे साधते कारण काडीकिड्यांच्या पुष्कळ जातींत नराशी मीलन न होता घातलेल्या अंड्यांतूनही पिल्ले होतात. त्याला अनिषेकजनन म्हणतात. अर्थात मादी मरते ती मरतेच. खाल्ले जाणे हा तिचा डाव आहे असे कोणी समजू नये.

वर्गात दाखवायचे असेल, तर जगभरच्या शाळांत पाळला जाणारा ‘कॅरॉसियस मोरोसस’ हा काडीकिडा मूळचा आपल्या तमिळनाडूच्या डोंगरांतला आहे आणि तोही याच रीतीने, जवळपास केवळ माद्यांच्या जोरावर वाढतो. मात्र बाहेरून मागवण्यापेक्षा पावसाळ्यात अंधार पडल्यावर मुलांना बॅटरी घेऊन कुंपणाची झुडपे बघायला सांगा. दिवसा हा कीटक स्थिर असल्याने हाती लागणे कठीण. रात्री तो पाने खात असतो आणि चालतो, त्यामुळे चटकन नजरेत येतो. बरोबर एखादे मोठे माणूस असू द्या आणि साप-विंचवाकडे लक्ष ठेवा. सापडलाच तर डबीत भरून न आणता तिथेच पाहावा आणि फांदीखालच्या मातीत त्याने टाकलेली अंडी शोधावीत. गोंडा असलेले अंडे मिळाले, तर ते मुंग्यांच्या वाटेवर ठेवून पुढे काय होते याची नोंद मुले स्वतः करू शकतील.